कॅरॅव्हॅन ओढायला कोणती गाडी घ्यावी? इस्टेट की आणखी काही? साताऱ्याचे घाट धरून सांगा

माहुलीकर

नमस्कार मंडळी.

आम्ही साताऱ्याचे. घरात आई, बायको, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि मी. आई ७४ वर्षांची. फिरायची तिला फार हौस, पण गुडघ्यांमुळे लॉजच्या पायऱ्या आणि वाटेतले संडास ही मोठी अडचण होऊन बसलीय. प्रवासात ती दिवस दिवस पाणी पीत नाही, का ते सांगायला नको. म्हणून ओढायची छोटी कॅरॅव्हॅन घ्यायचं घरात पक्कं झालंय. दोन चाकांची, आत दोघींना झोपता येईल एवढी, छोटा ओटा आणि कमोड. बाकी दोघं बाजूला तंबूत. बनवून देणारे रिकामं वजन ६५० किलो सांगतात.

अडलंय ते गाडीवर. मामांकडे टाटा इस्टेट होती, तेव्हापासून इस्टेट गाडी, म्हणजे सेडानसारखी खाली पण छत मागपर्यंत नेलेली, मोठ्या डिकीची, माझ्या मनात आहे. युरोपातले कॅरॅव्हॅनवाले बघितले तर निम्म्यांकडे इस्टेटच दिसते. पुण्यात एक जुनी ऑक्टाव्हिया कोम्बी, म्हणजे ऑक्टाव्हियाची इस्टेट, डिझेल मिळतेय, एका हातची, नीट राखलेली. दुसरा पर्याय सेकंडहँड इनोव्हा क्रिस्टा. तिसरा एक्सयूव्ही७०० किंवा स्कॉर्पिओ-एन, बजेट ताणून. बजेट १५ लाखांच्या आसपास.

जायचं कुठं, तर वाई-पाचगणी, चाळकेवाडी, आणि थंडीत कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण-गुहागर. म्हणजे घाट चुकणार नाहीत. कोणती गाडी घ्यावी, आणि का, हे कृपया खुलासेवार सांगा.

घाटवाट

नवीन इस्टेट आपल्याकडे जवळपास संपल्यात जमा आहे. १९९२ ची टाटा इस्टेट, नंतर बलेनो अल्टुरा, ऑक्टाव्हिया कोम्बी, २००४ ची इंडिगो मरिना. लोकांनी घेतल्या नाहीत, कंपन्यांनी बंद केल्या. २०१७ मध्ये व्होल्व्होची व्ही९० क्रॉस कंट्री आली, पण ती आपल्या बजेटच्या कितीतरी वर. त्यामुळे इस्टेट म्हणजे जुनीच. आणि जुनी म्हणजे १५ वर्षांनंतरचं पुनर्नोंदणीचं आणि पर्यावरण कराचं बघावं लागणार.

तुमची आवड समजते. त्या गाड्या देखण्याच होत्या.

कृष्णाकाठ

माहुलीकर, मी वाळवा तालुक्यातला. गाड्यांतलं फार कळत नाही, पण ओढायचं कळतं. उसाच्या ट्रॉल्या ओढण्यात जन्म गेला.

पहिली गोष्ट, ते ६५० किलो विसरा. रिकामं वजन सांगणाऱ्याचं, भरलेलं वजन तुमचं. पाण्याची टाकी भरली की लिटरला किलो. गॅसची टाकी, बॅटरी, गाद्या, भांडी, तंबू, खुर्च्या, आईंची औषधं, मुलीची पुस्तकं, सगळं मोजा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पावलोपावली वजनकाटे आहेत, कारखान्यांची कृपा. काट्यावर घालून भरलेलं वजन काढा आणि मगच गाडीचं बोला.

दुसरी गोष्ट, वजन किती यापेक्षा ते कुठं ठेवलंय हे जास्त महत्त्वाचं. ऊस भरताना बैलगाडीवाला काय करतो बघा. माल मागं जास्त झाला की गाडी उलाळते, जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला जोतं आवळतं. पुढं जास्त झाला की बैलांच्या मानेवर भार. म्हणून तो आसावर भरतो आणि थोडासाच भार पुढं ठेवतो. तुमच्या कॅरॅव्हॅनला हाच नियम आहे. हुकावर थोडं वजन पाहिजेच. अजिबात नसलं तर मागचा डबा वेगात शेपूट हलवायला लागतो आणि मग पुढच्या गाडीलाही घेऊन जातो.

माहुलीकर

काका, फार उपयोगाचं सांगितलंत. रात्री बसून यादी केली. पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो. घरगुती सिलिंडर १४.२ किलो गॅसचा, लोखंडासकट ३० च्या आसपास. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी ४०-४५ किलो. गाद्या-पांघरुणं, तंबू, टेबल-खुर्च्या, भांडी, शिधा, कपडे, जादा चाक. ६५० चे ९०० कधी झाले कळलंच नाही. आता ९०० धरून बोलूया.

लीड्समधला सांगलीकर

सगळ्यांना नमस्कार. मूळचा सांगलीचा, बरीच वर्षं इंग्लंडमध्ये. आमच्याकडे पासाट इस्टेट आहे आणि तिच्यामागे चार जणांची कॅरॅव्हॅन. इकडची पद्धत सांगतो, कारण माहुलीकरांच्या मनातली इस्टेट इथूनच आलेली दिसते.

इथं इस्टेट आवडते त्याची कारणं साधी आहेत. चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, लांब. मागच्या चाकापासून हुकापर्यंतचं अंतर त्या मानाने कमी. गाडी जमिनीला धरून, गुरुत्वमध्य खाली. कॅरॅव्हॅन मागून डावीउजवीकडे झटके देते तेव्हा त्या झटक्याची तरफ हुकापाशी बसते. हूक मागच्या चाकापासून जेवढा लांब तेवढी तरफ मोठी, आणि व्हीलबेस जेवढा लांब तेवढी गाडी तिला कमी दाद देते. काही इस्टेट गाड्यांना मागचं सस्पेन्शन आपोआप उंची सांभाळणारं असतं, म्हणजे हुकावर भार आला तरी शेपूट खाली बसत नाही आणि हेडलाइट आभाळाकडे जात नाहीत. शिवाय डिकी मोठी, जड सामान मागच्या सीटला टेकवून खाली ठेवता येतं.

नियम म्हणाल, तर ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात, तेही गाडीच्या वजनाच्या निम्म्यापर्यंतच. त्याच्यावर ब्रेक असलेलाच ट्रेलर. गाडीच्या प्लेटवर गाडी आणि ट्रेलर मिळून जास्तीत जास्त किती वजन, ते छापलेलं असतं. नवशिक्यांना सांगतात की भरलेल्या कॅरॅव्हॅनचं वजन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. हा सल्ला आहे, कायदा नाही, पण शहाणपणाचा आहे. हुकावरचा भार भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के, म्हणजे तुमच्या ९०० किलोंना ४५ ते ६३ किलो. वेग मोटरवेवर ताशी ६० मैल, साध्या दुपदरी रस्त्यावर ५०. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन आम्हाला बंद.

आता एक गोष्ट मनापासून सांगतो. या सगळ्यात इस्टेट हे नाव कामाला येत नाही, त्यामागचे आकडे येतात. ऑक्टाव्हियाच्या त्या पहिल्या पिढीचा व्हीलबेस २५१२ मिलिमीटर. क्रिस्टाचा २७५०. इथली २०१५ नंतरची सुपर्ब इस्टेट २८४० च्या आसपास. म्हणजे तुमच्या पर्यायांत व्हीलबेसचा गुण जुन्या इस्टेटकडे नाही, क्रिस्टाकडे आहे. वजनही बघा. ऑक्टाव्हिया १३०० किलोंच्या आसपास, तिचे ८५ टक्के म्हणजे ११००. तुमचे ९०० बसतात, पण फार जागा उरत नाही. क्रिस्टा १८०० च्या वर, तिला ९०० म्हणजे निम्मं.

घाटवाट

हे वाचून माझंही मत बदललं. मी कोम्बीच्या बाजूने लिहिणार होतो.

वाईचा मास्तर

मी निवृत्त शिक्षक, भौतिकशास्त्र शिकवलं. सगळे ताकदीबद्दल विचारतात, म्हणून हिशेब मांडतो.

वाई समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास, पाचगणी १२९० च्या आसपास. म्हणजे पसरणी घाटात साधारण १२ किलोमीटरांत ६०० मीटर चढ. सरासरी २० ला १. गाडी १८५०, माणसं-सामान २५०, कॅरॅव्हॅन ९००, मिळून ३००० किलो. ताशी ३० च्या वेगाने हे चढवायला चाकांवर साधारण १६ किलोवॅट लागतात, म्हणजे २१-२२ अश्वशक्ती. १० ला १ असा खडा तुकडा आला तरी ३८ च्या आसपास. तुमच्या यादीतल्या प्रत्येक गाडीकडे याच्या दुप्पट तरी आहे. त्या जुन्या ऑक्टाव्हियाकडेसुद्धा.

आता उतार. तेच ३००० किलो ६०० मीटर खाली आणताना १७ मेगाजूलच्या वर ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत पन्नास लिटरच्या वर पाणी उकळीला येईल. इंजिनाने ती घेतली नाही तर सगळी ब्रेकच्या डिस्क आणि ड्रममध्ये जाते, तिथून पॅडमध्ये, तिथून ब्रेक ऑइलमध्ये. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे दर्जे. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०. ऑइलने हवेतली ओल शोषली की हेच १४० आणि १५५ वर येतात. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पाय तळापर्यंत जाऊनही गाडी थांबत नाही.

म्हणून माझ्या मते गाडी निवडताना प्रश्न असा विचारावा: ही गाडी ९०० किलो मागे घेऊन पसरणी शांतपणे उतरेल का? चढण्याचं उत्तर त्यातच येतं.

रानजाई

मास्तरांनी नेमकं बोट ठेवलं. मी कराडची. आमचा केटरिंगचा व्यवसाय आहे, स्वयंपाकाचा ट्रेलर गाडीला लावून मी स्वतः चालवते. कुंभार्ली, आंबा घाट, दोन्ही उतरलेय. चालवण्याचं सांगते, कारण गाडी कोणती याचं अर्धं उत्तर चालवण्यात आहे.

उतरताना गिअर घाटाच्या तोंडाशीच खाली घ्यायचा, मध्यावर नाही. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि मग ब्रेकवरच बसावं लागतं. डिझेल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये किती धरून ठेवते हे ट्रायल घेताना मुद्दाम बघा. विकणारा सपाट रस्त्यावर पिकअप दाखवतो, तुम्ही त्याला उतारावर घेऊन जा. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. थोडा जोरात दाबून वेग उतरवायचा, पूर्ण सोडायचा, पुन्हा. जळका वास आला की मोकळी जागा बघून थांबायचं. थांबल्यावर लगेच पाणी मारायचं नाही, तापलेला ड्रम तडकतो.

न्यूट्रल कधीच नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार बघा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला सोडणारे ट्रक तिथं किती जीव घेऊन गेलेत. तुम्ही पुण्याकडे जाणार तेव्हा तुमच्या मागेपुढे तेच ट्रक असणार, म्हणून तिथं डावीकडून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये.

चढताना खरा त्रास थांबून पुन्हा उचलण्याचा. शनिवार-रविवारी पसरणीत रांग लागते, वळणावर थांबावं लागतं, मागे ट्रेलर, वर तोंड. तिथं क्लचप्लेट जळते. हँडब्रेकवर उचलायची सवय घरचे सगळे चालक करून घ्या. ऑटोमॅटिक घेणार असाल तर टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे क्लचप्लेटऐवजी तेलातून जोर पोचवणारी घ्या. ड्राय क्लचची ड्युअल क्लच गाडी अशा रांगेत लवकर तापते.

आणि मागचा डबा हलायला लागला तर. हायवेवर मोठी बस जवळून गेली, किंवा चाळकेवाडीच्या पठारावर आडवा वारा लागला की होतं. तिथं पवनचक्क्या उगीच लावलेल्या नाहीत. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही, गॅसही द्यायचा नाही. पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, उलटसुलट फिरवायचं नाही. वेग उतरला की डबा आपोआप रांगेत येतो. हे अंगात भिनावं लागतं, कारण त्या क्षणी पाय ब्रेककडेच जातो.

एक बाईमाणूस म्हणून आईंबद्दलही बोलते. इस्टेटची सीट खाली असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली बसणं आणि तिथून उठणं हे उंच चढण्यापेक्षा जड जातं. क्रिस्टाची मधली सीट माझ्या सासूबाईंना बरी पडते. बाजूला पायरी लावून घ्या. गाडी ठरवायच्या आधी आईंना प्रत्येकीत बसवून बघा, त्यांचं मत सगळ्यात मोठं धरा.

माहुलीकर

रानजाई ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आजच आईला शेजाऱ्यांच्या क्रिस्टात बसवून आणलं. चढताना दरवाजावरचा हात धरला, उतरताना हसत उतरली. सेडानमधून उतरताना तिला दोघांनी धरावं लागतं.

आता हूक आणि ब्रेकबद्दल कुणी सांगेल का? बनवणारे म्हणतात एवढ्याशा डब्याला वेगळे ब्रेक कशाला.

कुपवाडचा वर्कशॉपवाला

तसं म्हणणाऱ्याकडून कॅरॅव्हॅन घेऊ नका. ९०० किलोला ब्रेक लागतातच. वरती इंग्लंडवाल्या दादांनी ७५० ची मर्यादा सांगितली, ती सपाट मुलखातही आहे. तुम्ही तर घाटातले.

ब्रेक दोन तऱ्हेचे. एक ओव्हररन. तुम्ही गाडी हळू केली की ट्रेलर पुढे ढकलतो, कपलर, म्हणजे हुकाच्या बॉलवर बसणारं ट्रेलरचं तोंड, आत सरकतो आणि दांड्याने किंवा केबलने ट्रेलरचे ड्रम ब्रेक लागतात. स्वस्त, गाडीत काही बदल नको. पण लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलतच असतो, म्हणून त्याचे ब्रेक सतत घासत राहतात आणि तापतात. घाटाच्या मध्यावर थांबून हाताने न शिवता, जवळून, ड्रमची धग बघायची. आणि मागे घेताना ब्रेक आपोआप सुटतील अशी यंत्रणा आहे का ते विचारा, नाहीतर रिव्हर्स घेताना ट्रेलर अडून बसेल. दुसरे इलेक्ट्रिक ब्रेक. गाडीत कंट्रोलर बसवावा लागतो, पण नुसता ट्रेलरचा ब्रेक हाताने लावता येतो. रानजाई ताई म्हणतात तसा डबा हलला तर हा हात लाखमोलाचा. खर्च जास्त. माझं मत इलेक्ट्रिककडे.

कोणतेही घ्या, सुटकेची केबल पाहिजे. कपलर निसटलाच तर ती ओढली जाऊन ट्रेलरचा ब्रेक लागतो. शिवाय साखळ्या, कपलरखाली फुलीसारख्या अडकवलेल्या, म्हणजे दांडा रस्त्यावर आपटत नाही.

हूक. बंपरला बोल्ट मारून दिलेला शोभेचा हूक ओढायच्या कामाचा नाही. हूक चेसिसच्या दांड्यांना, चार किंवा जास्त ठिकाणी, खाली प्लेट घालून. क्रिस्टा आणि स्कॉर्पिओ-एन शिडीच्या चेसिसवर आहेत, त्यामुळे तिथं काम सोपं आणि भरवशाचं. एक्सयूव्ही७००, हॅरियर, सफारी या मोनोकॉक, म्हणजे वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यांना त्या गाडीसाठीच बनवलेला हूक असला तरच लावा, वेल्डिंग करून नको. बॉलचा साइज कपलरशी जुळवा. युरोपचा बॉल ५० मिलिमीटर, अमेरिकेचा २ इंच म्हणजे ५०.८. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण २ इंची कपलरमध्ये ५० चा बॉल सैल बसतो. घाटातल्या खड्ड्यात सैल कपलर काय करेल, ते सांगायला नको.

वायरिंग सात पिनी. गाडीची वायर सोलून जोडू नका, वेगळा रिले घ्या, नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर चुका दाखवायला लागतो. टायरवर लोड इंडेक्स असतो, ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, १०० म्हणजे ८००. तुम्हाला ९१ पुरतो. पण ट्रेलरचे टायर उभे राहून म्हातारे होतात. नक्षी चांगली दिसली तरी बाजूच्या भेगा बघत जा.

पलूसकर

सगळे क्रिस्टावर का अडलेत? इसुझू व्ही-क्रॉस पिकअप घ्या. ताकद १६३ पीएस, टॉर्क ३६० न्यूटन-मीटर, फोर बाय फोर. ओढायलाच जन्मलेली गाडी.

रानजाई

ओढायला चांगलीच आहे. पण मागच्या सीटवर ७४ वर्षांच्या आजी आणि रिकाम्या पिकअपचे कडक पाटे. चिपळूणपर्यंत तुम्ही बसून बघा.

लीड्समधला सांगलीकर

पलूसकरांच्या म्हणण्यात एक मुद्दा मात्र बरोबर आहे. मागच्या चाकांना जोर असणं कामाचं. हुकावर भार पडला की पुढची चाकं थोडी हलकी होतात. पावसात, चढावर, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी उचलताना चाकं फिरतात. एक्सयूव्ही७०० डिझेल १८५ पीएस, मॅन्युअलला ४२० न्यूटन-मीटर, कागदावर सगळ्यांत तगडी. पण साधं मॉडेल पुढच्या चाकांवर चालतं. क्रिस्टा ३४३ न्यूटन-मीटरच असली तरी मागच्या चाकांवर. स्कॉर्पिओ-एनही तशीच.

घाटवाट

इलेक्ट्रिक कुणी काढली नाही म्हणून विचारतो. उतारावर बॅटरीत ऊर्जा परत जाते, म्हणजे मास्तरांची ती उष्णता वाया जाणार नाही ना?

वाईचा मास्तर

उतारापुरतं अगदी खरं, आणि तो फार मोठा गुण आहे. पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती परत घेत नाही. पाचगणीत रात्रभर चार्ज करून सकाळी उतरायला लागलात तर नेमकं तेव्हाच ब्रेकवर यावं लागेल. आणि उंच डबा मागे लावला की वाऱ्याच्या विरोधाने रेंज जवळपास निम्मी होते. बहुतेक चार्जरपाशी ट्रेलर सोडून गाडी लावावी लागते. आईंना घेऊन आज हे नको.

कागदपत्रं

सांगलीत वकिली करतो. कुणी कायद्याचं विचारलं नाही, पण अपघातानंतर विचारण्यापेक्षा आता विचारलेलं बरं.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. त्याची स्वतःची नोंदणी लागते. कलम ६१ प्रमाणे ट्रेलरवर त्याचा नंबर, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही मागच्या बाजूला दिसला पाहिजे. बनवणाऱ्याला पैसे देण्याआधी त्याच्याकडे मान्यतेची कागदपत्रं आहेत का आणि साताऱ्याच्या आरटीओत पासिंग होईल का, हे लेखी घ्या. "आमच्या सगळ्या गाड्या अशाच चालतात" हे उत्तर नाही.

गाडीचं मॅन्युअल वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच मॅन्युअलमध्ये ट्रेलरचा आकडाच नसतो, किंवा ट्रेलर ओढू नका असं सरळ लिहिलेलं असतं. तसं असेल तर वॉरंटी आणि विमा, दोन्ही ठिकाणी प्रश्न येतो. विमा कंपनीला हूक लावल्याचं आणि ट्रेलरचं लेखी कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या, ट्रेलरचा थर्ड पार्टी विमा वेगळा बघा. कॅरॅव्हॅन पर्यटनासाठी महाराष्ट्राने २०२१ मध्ये धोरण आणलं. ते मुख्यतः व्यवसायासाठी आहे, घरच्या डब्याला त्याने पासिंगमधून सूट मिळत नाही.

आणि चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये कुणीही बसायचं नाही. आईंना "आत जरा पडा" असं चुकूनही म्हणू नका.

कृष्णाकाठ

कासचं मी सांगतो. फुलांच्या हंगामात, सप्टेंबर-ऑक्टोबरात, यवतेश्वरच्या घाटात डबा घेऊन चढू नका. वर पार्किंगचे आणि गर्दीचे निर्बंध असतात, वळवायला जागा मिळत नाही. डबा खाली सोडून नुसती गाडी न्या. पाण्याची टाकीही रिकामी ठेवून प्रवास करा, मुक्कामाला भरा. अर्धी भरलेली तर सगळ्यात वाईट, पाणी वळणावर इकडून तिकडं आपटतं.

माहुलीकर

मंडळी, सगळं घरात वाचून दाखवलं. ऑक्टाव्हिया सोडली. गाडी वाईट म्हणून नाही. तिचा व्हीलबेस आणि वजन आपल्या कामाला कमी पडतं, आणि आईला उतरता येणार नाही. एक्सयूव्ही७०० बजेटच्या वर जाते आणि हुकाचा प्रश्न राहतो. स्कॉर्पिओ-एन आणि क्रिस्टा यांत घरच्यांचं मत क्रिस्टाकडे आहे. २.४ डिझेल मॅन्युअल. फलटणला एक बघितलीय, सर्व्हिसचे कागद सलग आहेत. रविवारी ट्रायलला पसरणी उतरूनच बघणार. क्लचप्लेट आणि ब्रेक ऑइल घेतल्या घेतल्या बदलणार, ऑइल डॉट ४.

कॅरॅव्हॅनवाल्यांना सांगितलं, ब्रेक इलेक्ट्रिक पाहिजेत आणि पासिंगचं लेखी पाहिजे. पहिल्यावर ते तयार झाले, दुसऱ्यावर "बघून सांगतो" म्हणाले. सांगेपर्यंत ॲडव्हान्स देणार नाही. त्यांचा तयार नमुना आहे, त्यात आमचं सगळं सामान भरून काट्यावर नेऊ देतील. हुकावरचा भार काट्यावर कसा काढायचा, काका?

कृष्णाकाठ

आधी डबा सुटा करून आख्खा काट्यावर घ्या, ते भरलेलं वजन. मग गाडीला जोडा आणि फक्त डब्याची दोन चाकं काट्यावर ठेवा. जो फरक येतो तो हुकावरचा भार. पण ट्रकचा काटा ५-१० किलोंच्या पटीत दाखवतो, तुमच्या ४५-६३ ला तो फार मोघम होतो.

कुपवाडचा वर्कशॉपवाला

म्हणून घरातला वजन करायचा काटा घेऊन जा, माणसं उभी राहतात तो. सपाट जागेवर डबा सुटा करा, चाकांना दगड लावा, काट्यावर लाकडी ठोकळा उभा करून कपलर त्यावर टेकवा. उंची बॉलच्या उंचीएवढीच पाहिजे, वरखाली झाली की आकडा बदलतो. ६३ च्या वर आला तर बॅटरी आसाकडे मागे घ्या, ४५ च्या खाली आला तर सिलिंडर पुढे घ्या. आरसे लांब दांड्याचे घ्या, डबा गाडीपेक्षा रुंद असेल. रविवारी पसरणीनंतर वेळ असेल तर गाडी कुपवाडला घेऊन या, चेसिसची मापं घेऊन ठेवतो.

माहुलीकर

रविवारी नको, सोमवारी येतो. आईलाही घेऊन येईन, तिला सांगलीत गणपतीचं दर्शन घ्यायचंय. दोन्ही काट्यांचे आकडे इथं टाकतो.